नारायणगावच्या थांब्यावर गाडीची नाडीपरीक्षा

पुणे-नाशिक महामार्गावर, पुण्यापासून सुमारे ७५ किलोमीटर अंतरावर, मीना नदीच्या काठी नारायणगाव वसले आहे. सातवाहनकाळी कोकणातील बंदरांचा माल नाणेघाट चढून जुन्नरच्या पेठेत येत असे. व्यापाराचा तो वारसा या परिसराने आजही जपला आहे. हंगामात येथील बाजार आवारात टोमॅटोच्या क्रेटच्या थप्प्या लागतात, तर गावोगावचे यात्रा-पंच तमाशाची सुपारी ठरवण्यासाठी येथील राहुट्यांत येऊन बसतात. माल पाहावा, पारखावा आणि मगच सौदा करावा, ही येथील रीत आहे.

पुण्या-नाशिकच्या व्यापाऱ्यांना, तसेच गजपंथा व मांगीतुंगीच्या यात्रेस निघालेल्या कुटुंबांना हे गाव सोयीच्या थांब्याचे वाटते. गाडीमालकांच्या मेळाव्यालाही असेच ठिकाण बरे पडते. रविवारी पहाटे निघावे, न्याहारीला भेटावे आणि ऊन चढण्यापूर्वी परतावे. अशा भेटीत गप्पा मायलेज, टायर आणि सर्व्हिसिंगच्या बिलांभोवती फिरतात. अलीकडे कोणाच्या तरी खिशातून काडेपेटीएवढे एक यंत्रही निघते आणि मंडळी त्या गाडीभोवती गोळा होतात.

हे यंत्र म्हणजे ओबीडी स्कॅनर. इंजिनाने स्वतःचे दोष स्वतःच नोंदवून ठेवावेत, अशी व्यवस्था अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींत आली. भारतात ती २०१० आणि २०१३ अशा दोन टप्प्यांत बंधनकारक झाली. स्टिअरिंगखाली, चालकाच्या गुडघ्याजवळ १६ पिनांचे सॉकेट असते. त्यात यंत्र बसवून किल्ली फिरवली की ते ब्लूटूथने मोबाइलशी जोडले जाते. मग इंजिनाचे तापमान, त्याचे फेरे आणि दोष नोंदला असल्यास त्याचा सांकेतिक क्रमांक पडद्यावर उमटतो. साधे यंत्र काही शे रुपयांत मिळते, याचेच मेळाव्यात मोठे नवल असते.

स्वस्त साधन म्हणजे हलके साधन, असे मात्र नव्हे. नारायणगावाहून पूर्वेस वळले की खोडदच्या शिवारात महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या दिसू लागतात. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. गोविंद स्वरूप यांनी जड पत्र्याऐवजी पोलादी दोरांवर ताणलेली तारेची जाळी वापरली, त्यामुळे वजन आणि खर्च दोन्ही आटोक्यात राहिले. मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरी टिपण्यास एवढी जाळी पुरेशी असते. कमी लांबीच्या लहरींसाठी ती चालत नाही. कोणते काम आपले आणि कोणते नव्हे, हे ठरवूनच ती दुर्बीण उभारली गेली.

स्कॅनरचा विवेकही असाच राखावा लागतो. समजा, पडद्यावर पी ०१७१ हा क्रमांक आला. इंजिनात इंधनाच्या मानाने हवा अधिक जाते आहे, एवढाच त्याचा अर्थ. कारण रबरी नळीला गेलेली चीर असेल, हवा मोजणाऱ्या सेन्सरवरची धूळ असेल किंवा दमलेला इंधनपंपही असेल. क्रमांक पाहताच महागडा सुटा भाग मागवणारा मालक फसतो, आणि क्रमांक दाखवून मेकॅनिकला खोटे पाडणारा एक जुना संबंध गमावतो. शोध कोठून सुरू करावा, हे यंत्र सांगते. कारण मात्र अनुभवी हातच शोधतो. शिवाय एअरबॅग व एबीएसचे दोष बहुतेक स्वस्त यंत्रांना वाचता येत नाहीत. त्यामुळे पडद्यावर काहीच उमटले नाही, म्हणजे गाडी निर्दोष आहे, असे समजू नये. काम झाल्यावर यंत्र काढून ठेवावे. सॉकेटमध्ये राहिल्यास ते बॅटरी पीत राहते.

खरी कसोटी पुढेच आहे. याच यंत्रावर एक बटण असते, जे दाबताच नोंदलेले दोष पुसले जातात आणि इंजिनाचा पिवळा दिवा विझतो. दुरुस्तीनंतर ते दाबणे रास्तच. परंतु जुनी गाडी विकायला काढताना, ग्राहक येण्यापूर्वी ते दाबणे म्हणजे तराजूच्या पारड्याखाली मेण लावण्यासारखे आहे. दोष तेथेच राहतो, फक्त घेणाऱ्याच्या नजरेआड होतो. काही दिवसांनी तोच दिवा घाटात, मुलाबाळांसह निघालेल्या एखाद्या कुटुंबासमोर पुन्हा पेटतो.

सुदैवाने हे पुसणेही सहसा लपत नाही. दोष पुसले की इंजिनाच्या अंतर्गत तपासण्या ‘अपूर्ण’ दिसू लागतात आणि गाडी काही दिवस निरनिराळ्या वेगांनी चालल्यावरच त्या पूर्ण होतात. शेवटची नोंद पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर धावली, हेही अनेक गाड्यांत वाचता येते. तो आकडा ५ किंवा १० दिसला, तर घेणाऱ्याने सौदा थांबवून नम्रपणे कारण विचारावे.

क्रेटमधली वरची फळे लालबुंद दिसली तरी जाणता व्यापारी तळाचे एखादे फळ काढून पाहतो. जुनी गाडी घेणाऱ्यानेही तेच करावे. आणि विकणाऱ्याने दिवा न विझवता, दोष सांगूनच किंमत ठरवावी.