ओल्या वाऱ्याची झोप

मे महिन्यात यवतमाळची रात्रसुद्धा कोरडी असते. दिवसभर तापलेल्या भिंती पहाटेपर्यंत धग सोडत राहतात. ओठांना पापुद्रे सुटतात, घशाला कोरड पडून मधेच जाग येते, आणि लेकराचा घोळणा फुटला की उशीवरचा तांबडा डाग पाहून आईचा जीव खालीवर होतो.

हवेत ओल सोडणारी ह्युमिडिफायरची यंत्रं आता बाजारात मिळतात. आमच्याकडे हे काम कूलर करतो, वर गारवाही देतो. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना ताट्या, तळाशी पाणी आणि त्यात बुडालेला छोटा पंप. पंखा बाहेरची झळ ओल्या ताटीतून आत ओढतो. पाण्याची वाफ व्हायला लिटरमागे सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते, ती त्या झळेतूनच जाते. हवा जितकी कोरडी, तितका कूलर गुणी. म्हणून तो वऱ्हाडात शोभतो, मुंबईत नाही.

लाकडाच्या किसाच्या ताट्या स्वस्त. पण वाळ्याची ताटी ती वाळ्याचीच! ताठ, मातकट मुळं. त्यांवरून पहिलं पाणी तांबूस होऊन उतरतं, आणि खोलीत असा वास भरतो की अंगणात पाऊस पडून गेला असावा. त्या वासात डोळे मिटले की झोप बोलवावी लागत नाही.

२०१८च्या उन्हाळ्यात निळोणा धरणानं तळ गाठला, यवतमाळकर टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसले. अशा दिवसांत कूलरमध्ये बादली ओतताना हात आखडतो. तरी ते पाणी वाया गेलं असं मी कधीच म्हणणार नाही. उन्हात वखरवाही करून आलेल्या माणसाला रात्रीची झोप हवीच. ती चैन नव्हे, दुसऱ्या दिवशी शेतात उभं राहायचं बळ आहे.

पाणी भरण्याआधी मात्र प्लग काढावाच. पेटी पत्र्याची आहे. आठवड्यातून एकदा टाकी घासून कोरडी करावी, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात. समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी, म्हणजे ओल कोंडत नाही. मृगाचा पाऊस येऊन हवाच ओली झाली की कूलर नुसती चिकचिक वाढवतो. मग पंप बंद करून पंख्यावरच भागवायचं.