घराचा कठडा

नवें घर बांधणाऱ्यास मोशेच्या नियमशास्त्रांत एक लहानशी आज्ञा दिली आहे. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत ती आहे. घराच्या धाब्यास कठडा करावा, न केल्यास व तेथून कोणी पडल्यास त्या रक्ताचा दोष घरावर येतो, असा तिचा आशय. लहानपणीं शास्त्रपाठाच्या तासास ती आम्ही ऐकत असूं. परंतु यज्ञ, सण व शुद्धाशुद्ध यांच्या मोठमोठ्या नियमांत ही गवंड्याची गोष्ट कोठून आली, याचें आम्हांस नवल वाटे. तिचा अर्थ उमगण्यास आम्हांस चाळिशी ओलांडावी लागली.

सन 2020 च्या डिसेंबरांत महाराष्ट्र शासनानें मुंबई व इतर कांहीं थोडीं क्षेत्रें वगळून राज्यांतील बहुतेक नगरांस बांधकामाची एकच एकत्रित नियमावली लागू केली. आमच्या लहानशा गांवांत या बदलाची पुष्कळ चर्चा झाली. दोन घरांमध्यें किती अंतर सोडावें, जिना किती रुंद असावा, अभियंत्याचा दाखला कशास हवा, यांवर चहाच्या दुकानांतून वाद होऊं लागले. ‘आमच्या आजोबांनीं कोणाचा दाखला घेतला होता?’ हा प्रश्न तर ज्याच्या त्याच्या तोंडीं. खरें सांगावयाचें तर आम्हीही त्याच मेळ्यांतले. वडिलार्जित घरावर एक मजला चढवावा, म्हणजे मुलांस अभ्यासाला खोली होईल, असा आमचा बेत होता. घर दगडमातीचें, भिंती दीड हात जाड. नगरपालिकेंत दिलेला आमचा नकाशा परत आला. जुन्या भिंतींवर मजला घ्यावयाचा तर आधीं त्या बळकट कराव्या व तसा अभियंत्याचा दाखला जोडावा, असा त्यावर शेरा होता. आम्हीं तो कागद आईपुढें टाकिला आणि म्हणालों, ‘या लोकांस भिंतीची जाडी दिसत नाहीं काय?’

आई म्हणाली, ‘तुझ्या मामाची भिंत याहून जाड होती.’

त्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

29 सप्टेंबर 1993 रोजीं अनंतचतुर्दशी होती. गणेशविसर्जन आटोपून लोक उशिरां निजले, आणि 30 तारखेच्या पहांटे चार वाजण्याच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद (हल्लींचा धाराशिव) जिल्ह्यांची भूमि हादरली. त्या वेळीं आम्ही सोलापुरास मिशनच्या बोर्डिंगांत होतों. वय तेरा वर्षांचें. खाटा हालल्या, आम्ही मैदानांत धांवलों, आणि उजाडल्यावर एकमेकांच्या भित्रेपणाची थट्टाही केली. किल्लारीचें नांव मागाहून कानीं आलें. मामाचें गांव औसा तालुक्यांत, किल्लारीच्या जवळच. पंधरा दिवसांनीं वडिलांनीं आम्हांस तिकडे नेलें. मामा, मामी व धाकटी मामेबहीण, तिघेंही त्या घराखालीं गेलीं होतीं.

आम्हांस आठवते ती भिंत. ती नुसती पडली नव्हती, उकलली होती. तसली जाड भिंत म्हणजे दगडांचे दोन पदर, आणि मध्यें चिखल व कपच्या यांची भर. त्या दोन पदरांस एकमेकांशीं बांधणारा आरपार दगड तींत कोठेंच नव्हता. धक्क्यासरशीं बाहेरचा पदर बाहेर व आंतला आंत कोसळला. आणि माळवदावरील जी हातभर माती उन्हाळ्यांत घर थंड ठेवी, तीच निजलेल्यांच्या अंगावर आली. ऊन व चोर यांपासून रक्षण व्हावें म्हणून पूर्वजांनीं कष्टानें दिलेली ती जाडी त्या पहांटे घातक ठरली. त्या भूकंपांत सात हजारांहून अधिक माणसें मृत्यू पावलीं, आणि 52 गांवें पुढें नव्या जागीं वसवावीं लागलीं.

यांत मामाचा अपराध कोणता? भारतीय मानकाच्या त्या वेळच्या भूकंपविषयक नकाशांत तो प्रदेश पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या, पट्ट्यांत घातलेला होता. मामानें नियम मोडला नव्हता. नियमच झोंपेंत होता. सन 1967 च्या डिसेंबरांत कोयनानगरास भूकंप झाला, त्यानंतर 1970 सालीं हा नकाशा सुधारला गेला होता. किल्लारीनंतर 2002 सालीं तो पुनः सुधारला. त्या वेळीं पहिला पट्टा अजिबात काढून टाकिला, आणि किल्लारीचा प्रदेश तिसऱ्यांत गेला. नियम बदलतात म्हणून आपण चिडतों. परंतु जो नियम बदलत नाहीं त्याची किंमत काय पडते, तें आम्हीं त्या ढिगाऱ्यापाशीं पाहिलें आहे.

दुसऱ्या दिवशीं आम्ही एका अभियंत्याकडे गेलों. दगडी बांधकामासाठीं 1993 सालीं निघालेलें एक मानक त्यांनीं आम्हांस दाखविलें. भिंत 45 सेंटिमीटरांहून जाड नसावी. दर 60 सेंटिमीटर उंचीस, आणि आडवें 1.2 मीटरांहून अधिक अंतर न ठेवितां, भिंतीच्या आरपार जाणारे दगड घालावे. दारांच्या माथ्याच्या पातळीस घराभोंवतीं काँक्रीटचा सलग पट्टा बांधावा. तीं रूक्ष कलमें वाचीत असतां आमच्या डोळ्यांपुढें मामाचें अंगण उभें राहिलें.

मजल्याचा बेत आम्हीं सोडिला. त्यासाठीं सांठविलेल्या पैशांतून जुन्या भिंतींस आरपार भोंकें पाडून त्यांत वांकविलेल्या सळया व काँक्रीट भरविलें, आणि दारांवरून पट्टा फिरविला. गवंडी पहिलें भोंक पाडूं लागला तेव्हां आई अंगणांत खुर्ची टाकून बसली, ती शेवटलें भोंक भरून होईपर्यंत रोज तेथेंच बसत असे. मुलें अद्यापि ओसरीवरच अभ्यास करितात. बाहेरून घर होतें तसेंच दिसतें; झालेला खर्च येणाऱ्याजाणाऱ्यास दिसत नाहीं.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यांतील कोणी गवंडी होतील, कोणी अभियंते, कोणी नगरपालिकेचे सभासद. आणि घर तर बहुतेक सर्वच बांधाल. बांधकामाचे नियम हातीं येतील तेव्हां त्यांस केवळ अडथळा समजूं नका, आणि ते कायमचे पुरे झाले असेंही समजूं नका. पॅलेस्टाईनांतील सपाट धाबीं व आपलीं माळवदें हीं एकाच जातीचीं. त्यांवर लोक बसत, निजत, पाहुण्यांशीं बोलत. घरधन्यास आपल्या धाब्याची कड ठाऊक असते. ती ठाऊक नसते पाहुण्यास आणि लेंकरास. कठडा त्यांच्यासाठीं असतो. शेजाऱ्यावर प्रीति करावी असें आपण दर रविवारीं ऐकतों; ती प्रीति चुन्यादगडांत कशी उतरवावी, एवढेंच ती लहानशी आज्ञा सांगते.