थोडंच वापरलेलं, चांगल्या स्थितीत

आमच्या मामूंचा धंदा मोटार दुरुस्तीचा. मोटार म्हणजे विहिरीतली. राहुरी तालुक्यात त्यांचं गाव. पाणबुडी मोटार जळाली, फूट व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला, पाइप सुटून तळाला गेला, की मामूंना फोन येतो. ते काठावर दोन मिनिटं गप्प बसतात, छातीभर श्वास घेतात आणि दोर धरून खाली जातात. वर येतात तेव्हा हातात काहीतरी असतंच.

दुसऱ्या एका कामासाठीही त्यांना फोन येतो. त्याला ते धंदा म्हणत नाहीत. कुणी विहिरीत किंवा कालव्यात बुडालं की पोलीस पाटील मामूंना बोलावतात. या कामाचा एक रुपया त्यांनी कधी घेतला नाही. ‘मय्यत के पैसे नै लेते बेटा,’ एवढंच म्हणतात. बुडालेला माणूस कुठल्या समाजाचा, हे त्यांना बहुतेक वेळा वर आल्यावरच कळतं.

साधारण दहा वर्षांपूर्वी शेजारच्या वस्तीवर पोहायला उतरलेला एक मुलगा बुडाला. विहीर अकरा परस खोल, पाणी निम्म्याच्या वर, आणि तळाजवळ कपार. मामूंनी दोन दिवसांत किती बुड्या मारल्या, कुणी मोजल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगा सापडला तेव्हा मामूंच्या नाकातून रक्त येत होतं. मुलाची आई दोन दिवस कठड्याजवळ बसून होती. मी नगरहून गेलो होतो. दोर धरण्यापलीकडे मला काही करता आलं नाही.

त्याच रात्री मी मोबाईलवर स्कूबा शोधायला लागलो. पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडात नळी, बस. फ्रान्सच्या कुस्तो आणि गान्याँ या दोघांनी १९४३ साली हे यंत्र बनवलं. सत्तर वर्षं झाली तरी आमच्या तालुक्यात माणूस अजून छातीतल्या हवेवरच खाली जातो, याची मला लाज वाटली. नव्या सामानाच्या किमती पाहिल्या आणि लाज थोडी आवरली. मग जुनं सामान शोधलं.

परदेशी लिलावांत जुनं सामान खूप होतं आणि स्वस्तही. पण आपल्या परदेश व्यापार धोरणात, यंत्रसामग्रीसारखा भांडवली माल सोडला तर इतर जुन्या वस्तूंच्या आयातीवर बंधन आहे. डीजीएफटीचा परवाना लागतो. सिलिंडरचं तर आणखी अवघड. तो दाबाखालच्या वायूचा असल्यानं त्याला ‘पेसो’ या केंद्रीय खात्याची मान्यता लागते. ती नसेल तर असा सिलिंडर आणून उपयोग काय? तेव्हा आपल्याकडेही जुन्या वस्तूंवर ऑनलाइन बोली लागायची. तिथं मुंबईच्या एकाचा रेग्युलेटर सापडला. खाली लिहिलं होतं: थोडंच वापरलेलं, चांगल्या स्थितीत.

घरात मात्र वेगळाच वाद सुरू झाला. खालूजान म्हणाले, ‘लिलाव म्हणजे जुगारच की!’ मी आमच्या मशिदीच्या मौलानांना विचारलं. त्यांनी अबू दाऊदच्या हदीससंग्रहातली एक हकीकत सांगितली. मदिनेत एक गरजू अन्सारी पैगंबरांकडे मागायला आला. घरात काय आहे, असं त्यांनी विचारलं. एक जाडंभरडं वस्त्र होतं, अर्धं अंगावर घ्यायचं आणि अर्धं अंथरायचं. आणि पाण्याचं एक भांडं. पैगंबरांनी दोन्ही मागवली आणि लोकांसमोर बोली लावली. एक दिरहम म्हणणारा निघाला. आणखी कोण देतं, असं पुन्हा विचारल्यावर दोन दिरहम आले. एकाचं घरी धान्य, दुसऱ्याची कुऱ्हाड. दांडा त्यांनी स्वतः बसवून दिला आणि त्या माणसाला लाकडं तोडायला पाठवलं. मौलाना हसून म्हणाले, ‘माल वापरलेलाच होता आणि लिलावही उघड होता. मना आहे ते घ्यायचं नसताना दुसऱ्याला चढवायला खोटी बोली लावणं, आणि मालातला दोष लपवणं.’

मी खूश होऊन बोली लावली. नऊ हजारांपासून सुरुवात केली. शेवटच्या पाच मिनिटांत कुणीतरी माझ्यावर चढत गेलं आणि मीही चढत गेलो. साडेबारा ही मर्यादा मी सकाळी कागदावर लिहून ठेवली होती. घेतला साडेचौदाला. जिंकल्याचा निरोप आला तेव्हा टाळी वाजवली. नंतर कळलं, मी लिलावात पैसे जास्त देण्याची शर्यत जिंकलो होतो.

पार्सल आलं. काळं, चकचकीत. मामूंनी नळी तोंडात धरून पाहिली आणि म्हणाले, ‘पहले किसी जानकार कू दिखा.’ माणूस विहिरीत उतरायला घाबरत नाही, पण वस्तूवर आंधळा भरवसा ठेवत नाही. आम्ही दोघं एसटीनं मालवणला गेलो. त्या किनाऱ्यावर, मालवण आणि तारकर्लीच्या बाजूला, स्कूबाचा धंदा मोठा आहे. एमटीडीसीचं प्रशिक्षण केंद्रही तारकर्लीलाच आहे.

तिथल्या एका कारागिरानं रेग्युलेटर हातात घेतला आणि आधी सिलिंडरला जोडण्याच्या तोंडातली बारीक धातूची जाळी पाहिली. ती हिरवी पडली होती. ‘आत समुद्राचं पाणी गेलंय. गोड्या पाण्यानं धुतलेलं नाही,’ तो म्हणाला. उघडल्यावर आत पितळेवर हिरवा थर. त्यानं आम्हाला समजावून सांगितलं. सिलिंडरमध्ये हवा साधारण दोनशे बार दाबानं भरलेली असते. रेग्युलेटरचा पहिला टप्पा तो दाब नऊ-दहा बारवर आणतो, आणि तोंडातला दुसरा टप्पा श्वासापुरती हवा देतो. पहिल्या टप्प्याचं आसन खराब झालं की मधला दाब हळूहळू चढत जातो, आणि तोंडातून हवा न थांबता वाहू लागते. अर्धा तास पुरणारा सिलिंडर काही मिनिटांत रिकामा. अंधाऱ्या विहिरीत, कपारीत अडकलेल्या माणसाला तेवढी मिनिटंही नसतात.

त्यानं दुरुस्तीचा जो खर्च सांगितला, त्यात आणखी थोडे घातले तर नवा आला असता. जुनं घ्यायचं तर काय घ्यावं, हेही त्यानंच सांगितलं. मास्क, फिन, पोशाख खुशाल घ्या, बिघडले तर जीव जात नाही. जॅकेट हवेनं फुगवून रात्रभर ठेवा, सकाळी तसंच असलं तर ठीक. नळ्या जोडाजवळ वाकवून चिरा बघा. सिलिंडरच्या खांद्यावर कोरलेली शेवटच्या पाणदाब चाचणीची तारीख वाचा. १९९० च्या आधीचे काही ॲल्युमिनियमचे सिलिंडर ६३५१ या मिश्रधातूचे आहेत, त्यांच्या मानेला तडे जातात. ते फुकट मिळाले तरी नकोत. आणि रेग्युलेटर घ्यायचा तर सर्व्हिसची पावती आणि त्या जाळीचा जवळून काढलेला फोटो मागा. देत नसेल तर सोडून द्या.

मग तो मामूंना म्हणाला, ‘चाचा, तुम्ही श्वास किती रोखता?’ मामूंनी अभिमानानं सांगितलं. तो गंभीर झाला. म्हणाला, स्कूबाचा पहिला नियम हाच की श्वास कधीच रोखायचा नाही. दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो. तिथं छातीत भरलेली हवा वर येताना दुप्पट फुगते. श्वास रोखून वर आलं तर फुप्फुस फाटतं. ‘तुमची चाळीस वर्षांची सवयच तुम्हाला मारील. आधी शिका, मग सामान घ्या.’

परतीच्या एसटीत मामू काही बोलले नाहीत. मी मात्र वेगळ्याच हिशोबात होतो. साडेचौदा हजार गेले होते. विकणाऱ्याला लिहिलं, उत्तर आलं नाही. घरी येऊन मी तोच रेग्युलेटर पुसून चांगला फोटो काढला आणि विक्रीला लावायला लिहू लागलो. हात आपोआप लिहून गेला: थोडंच वापरलेलं, चांगल्या स्थितीत. यात खोटं काय? मी तर तो एकदाही वापरला नव्हता.

मामू मागे उभे होते. त्यांना मराठी वाचता येतं, पण म्हणाले, ‘क्या लिख्या, पढ के सुना.’ मी वाचलं. ते थोडा वेळ थांबले. ‘मेरे जैसा कोई लेगा तो?’

मौलानांनी सांगितलेली दुसरी हकीकत तेव्हा आठवली. बाजारातल्या धान्याच्या राशीत पैगंबरांनी हात घातला तर आतलं धान्य ओलं लागलं. व्यापारी म्हणाला, पाऊस लागला. पैगंबर म्हणाले, मग ओलं वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं. फसवणारा आपल्यातला नाही, असं त्यांनी बजावलं. माझ्या राशीतलं ओलं धान्य म्हणजे ती हिरवी जाळी होती.

मी नवं लिहिलं. आत खारं पाणी गेलेलं आहे. श्वासासाठी वापरू नये. फक्त सुट्या भागांसाठी. जाळीचा फोटो सगळ्यात वर लावला. अकराशेला गेला. तेरा हजार चारशेचा तोटा झाला. तो अजूनही मधूनमधून टोचतो, हे कबूल करतो.

२०२४ च्या एप्रिलमध्ये नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात बायोगॅसच्या शेणानं भरलेल्या विहिरीत मांजर पडली. तिला काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, आणि एकामागून एक पाच जण गेले. पुढच्याच महिन्यात अकोल्याजवळ सुगावला प्रवरेत बुडालेल्या तरुणाचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि तीन जवान गेले. दोन्ही वेळा मामूंनी मला फोन केला. उतरणाऱ्यांच्या मनात माया होती, हिंमत होती. आमच्या जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, या दोन्हींचा दुष्काळ कधीच नव्हता. दुष्काळ आहे तो शिकवण्याचा, आणि खात्रीच्या सामानाचा.

मामू आता साठीच्या पुढे आहेत. बुडी बंद केली आहे, दोर धरायला मात्र जातात. त्यांचा नातू पावसाळा संपला की तारकर्लीला शिकायला जाणार आहे. फी आम्ही भावंडांनी वाटून घेतली. सामानाचं नंतर बघू. परवा तोच मला विचारत होता, जुना रेग्युलेटर कुठं स्वस्त मिळेल.

मी म्हटलं, आधी जाळीचा फोटो माग.