मंडणगड, म्हणजे नक्की कुठे?

नवीन टीमबरोबर कँटीनमधलं पहिलं जेवण असलं की एक प्रश्न हमखास येतो. "गाव कुठलं रे तुझं?" मी सांगतो, मंडणगड. समोरचा दोन सेकंद पोळी हातात धरून विचार करतो आणि म्हणतो, "ट्रेकला जातात तोच का?" आता किल्ला आहे, नाही असं नाही. पण त्याच्या खाली माणसं राहतात हो!

तर ज्यांना नकाशा बघायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी. रत्नागिरी जिल्ह्याचं अगदी उत्तरेचं टोक म्हणजे मंडणगड तालुका. वर सावित्री नदी, पलीकडे रायगड. खाली दापोली आणि खेड. पश्चिमेला समुद्र. हरिहरेश्वरला तुम्ही सगळे गेलेलाच असाल, तिथून खाडीपलीकडे जो किनारा दिसतो ना, ते बाणकोट. म्हणजे आमचा तालुका. वेळासची कासवं आमचीच, फोटो मात्र पुण्यामुंबईवाल्यांचे. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, तेही इथलंच. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली ती खेडवरून गेली, आमच्याकडे वळलीच नाही. त्यामुळे एसटी, नाहीतर स्वतःची गाडी. मंडणगड गाव म्हणजे एक स्टँड, एक बाजारपेठ, तहसील कचेरी. आता नगरपंचायत झालीय, पण दुपारी दीड ते चार तिथे कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसतं.

पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. पुण्यात साताठशे पडतो, त्यावर आपण किती कौतुक करतो! पण आमच्या जांभ्याच्या कातळात पाणी थांबत नाही, सगळं खाडीला जातं. मे महिन्यात विहिरीच्या तळाशी कळशी घासल्याचा आवाज येतो. हे मी सांगितलं तर इथे कोणाला खरं वाटत नाही.

असो. हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या शनिवारी ताम्हिणी उतरून, माणगाव-गोरेगाव-आंबेत करत घरी गेलो. काम ठरलेलं होतं. ३ जून २०२०ला निसर्ग वादळात आमच्या घराच्या मागच्या पडवीची कौलं उडाली. मी तेव्हा बदलापूरला घरात बसून लांबलेल्या जॉइनिंगची वाट बघत होतो आणि आजीचा फोन पाच दिवस लागत नव्हता. ते पाच दिवस बाबा कोणाशी धड बोलले नाहीत. नंतर जाऊन जुने पत्रे आणि ताडपत्री टाकली, ती अजून तशीच. आता वासे कुजलेत. काकांचं म्हणणं, एका माणसासाठी दोन-अडीच लाख कशाला घालायचे? आयेला बदलापूरला आणू. बाबा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. लाडका नातू म्हणून तिला समजवायला मला पाठवलं.

मी तयारीने गेलो होतो (इंजिनीअर ना!). आदल्या रात्री जनगणनेचे आकडे काढून बसलो. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या जवळजवळ १६ टक्क्यांनी वाढली. आणि रत्नागिरी जिल्ह्याची १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ झाली. चक्क कमी. सिंधुदुर्गाचंही तेच. आणि गंमत म्हणजे राज्यात कमी झालेला तिसरा जिल्हा कुठला? मुंबई शहर! वाढलं ते ठाणे, ३६ टक्क्यांनी. तेव्हा पालघर वेगळा झालेला नव्हता.

हा तक्ता बघताना जरा चमत्कारिक वाटलं, कारण ही सरळ आमच्या घरची गोष्ट होती. आजोबा गिरणीत, राहायला लालबागच्या खोलीत. जानेवारी १९८२चा संप झाला आणि ते गावी परतले. बाबा खोली विकून बदलापूरला. म्हणजे रत्नागिरीत वजा, मुंबईत वजा, ठाण्यात अधिक. आणि मी पुण्यात. दर हजार पुरुषांमागे रत्नागिरी जिल्ह्यात ११२२ बायका, राज्यात ९२९. शाळेत हे 'स्त्रियांचं प्रमाण चांगलं' म्हणून शिकवायचे. चांगलं कसलं, पुरुष मुंबईला होते!

संध्याकाळी ओटीवर बसून आजीला हे सगळं सांगितलं. ती नाचणी निवडत होती. म्हटलं, "आजी, माणसं राहिलीच नाहीत आता इथे."

"वाडीत किती हायत, सांग?"

मला कुठे माहीत? घरं पस्तीसेक असतील. गणपतीत आणि शिमग्याला अंगणात चपला ठेवायला जागा नसते, तेवढंच मी बघितलेलं.

"बावीस," आजी म्हणाली. "माज्यासकट."

मग तिने घरागणिक मोजून दाखवले. कोणाकडे म्हातारा-म्हातारी, कोणाकडे एकटी बाई, आणि एका घरात पोरं. शाळेत चार मुलं, त्यातली दोन त्या घरातली. संध्याकाळी दिवे लागले की ती ओटीवरून बघते, कोणाचा दिवा लागला नाही तर काठी घेऊन जाते. पावसाळ्यात दोनदा असं जाऊन तिने माणूस उचलून दवाखान्यात पोचवायला लावलाय. हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. मी विचारलं, का नाही सांगितलं? तर म्हणे, "तुमी इचारता काय? जेवलीस काय, गोळी घेतलीस काय."

नंतर तिनेच विचारलं, "आता नवी मोजणी हाय म्हनं?" म्हटलं हो, २०२१ची झालीच नाही, आता १ मार्च २०२७ची तारीख धरून होणार. "मग तुजं नाव हितं लाव की. मतं द्यायला नाय काय तुजा बाप येत?" आता तिला काय सांगू. जनगणना जिथे राहतो तिथे होते, मतदार यादीची गोष्ट वेगळी, वगैरे सांगितलं. तिला ते अजिबात पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नीट सांगता आलं नाही.

बदलापूरचा विषय मी काढला नाही. रविवारी सकाळी शिडी लावून पडवीवर चढलो, टेपने मापं घेतली. अठरा फूट बाय नऊ. वासे सगळे बदलावे लागतील, भिंत शाबूत आहे. खाली आजी शिडी धरून उभी, वय वर्षं एक्याऐंशी, आणि वर मला सूचना चालू.

निघताना म्हाप्रळला रेंज आली तेव्हा बाबांना फोन केला. काका शेजारीच बसलेले होते बहुतेक. बाबांनी विचारलं, "काय म्हणाली आये? येते का?"

म्हटलं, "नाही. कौलंच घालायची की पत्रे, ते विचारतेय."