सतरा वेळा विकला गेलेल्या माणसाची गाणी

रामदासपेठ, नागपूर

प्रिय ताई,


तुझं पत्र पोचलं. मडगावात राहून इतकी वर्षं कोंकणी मांडे ऐकणाऱ्या बाईने फाउस्तोसारख्या पोर्तुगीज गायकाला तिसऱ्याच गाण्याला बंद करावं, हे काही पटलं नाही बुवा. भाषा कळत नाही, संपता संपत नाही आणि फादोसारखं काळजाला भिडत नाही, या तुझ्या तीन तक्रारी. शेवटचीपासून सुरू करतो, कारण खरा घोळ तिथेच आहे.

फादो हे लिस्बनच्या गल्ल्यांमधलं गाणं. एक गळा, बारा तारांची गिटार आणि पोटभर दुःख. पोर्तुगीज संगीत म्हटलं की आपल्यापर्यंत तेवढंच पोचतं. गोव्यात सोनिया शिरसाट ते फार छान गातात, तुला मी काय सांगावं. पण पोर्तुगालच्या खेड्यापाड्यांत वेगळंच चालतं. जत्रेच्या मिरवणुकीत बोंबो नावाचे मोठाले ढोल घुमतात, बेइराच्या डोंगराळ मुलखात बायका चौकोनी डफावर मारिआमातेची गाणी म्हणतात. फाउस्तोने १९८२ साली काढलेला 'पोर एश्त रिउ असीमा', म्हणजे 'या नदीने वर', हा दोन तबकड्यांचा अल्बम त्या मातीतला आहे. फादोच्या अपेक्षेने बसलीस तर तो गोंगाटच वाटणार. आधी नुसत्या ठेक्याकडे आणि मागून उसळणाऱ्या कोरसकडे लक्ष दे, मुख्य गळ्याची घाई करू नकोस. आणि मांडा संपल्यावर लगेच द्रुत लयीचं दुलपद का लागतं, हे तू जाणतेस. या अल्बममधलीही गाणी तशीच एकमेकांना धरून आहेत. एखादं सुटं उचललंस तर ते दुबळं वाटेल.

आता भाषा. शब्द मलाही कळत नाहीत, पण गोष्ट माहीत आहे आणि तेवढी पुरते. फेर्नांव मेंदेश पिंतो नावाचा एक गरीब घरचा माणूस १५३७ साली नशीब काढायला हिंदुस्थानात आला. दीव, गोवा, मलाक्का, पेगू, चीन, जपान असा एकवीस वर्षं भटकला. सैनिक झाला, व्यापारी झाला, चाचेगिरी केली, मध्येच गोव्यात जेझुइटांमध्ये शिरला आणि बाहेरही पडला. तेरा वेळा कैद झालो आणि सतरा वेळा विकला गेलो, असा त्याने स्वतःच हिशोब दिला आहे. घरी परतून त्याने 'पेरेग्रिनासांव' (यात्रा) हे पुस्तक लिहिलं. तो १५८३ साली वारला, पुस्तक छापलं गेलं १६१४ मध्ये. लोकांनी त्याला थापाड्या ठरवलं, आणि काही थापा आहेतही. अल्बम याच पुस्तकावर बांधलेला आहे.

कवी कामोंइशने त्याच शतकात त्याच समुद्रावर महाकाव्य रचलं, त्यात वास्को द गामा वीरपुरुष. पिंतोकडे वीर कोणी नाही. भूक आहे, जहाज फुटणं आहे, लूट आहे. त्याच्या पुस्तकात पोर्तुगीजांनी पकडलेला एक चिनी पोरगा त्यांना तोंडावर सुनावतो, की लुटीचं खाऊन पोट भरल्यावर तुम्ही देवाचे आभार मानता, जणू ओठ हलवले की चोरी फिटते. सोळाव्या शतकातला पोर्तुगीज माणूस हे स्वतःच्या लोकांबद्दल लिहितो! पेगूतल्या दिओगु सोआरेश या पोर्तुगीजाची हकीकतही तशीच. सत्तेच्या जोरावर त्याने लग्न लागत असलेली नवरी पळवू पाहिली, तिने जीव दिला, आणि पुढे तिच्या बापाच्या हाकेवर गावाने त्याला दगडांनी ठेचलं. फाउस्तोने या सोआरेशवर एक 'रोमांस' केला आहे. रोमांस म्हणजे तिकडचं जुनं कथागीत, पोवाड्याच्या कुळातलं. तू तिथूनच सुरुवात कर.

वसईचा वेढा पाठ करत वाढलेल्या आपल्यासारख्यांना पोर्तुगीज म्हणजे नुसता किल्ल्यावरचा फिरंगी. या अल्बममध्ये तो फिरंगी जहाजाच्या तळात भेदरून बसलेला भेटतो. फाउस्तो स्वतः १९४८ साली पोर्तुगाल आणि अंगोला यांच्या मध्ये, बोटीवर जन्मला आणि अंगोलात वाढला. साम्राज्य त्याने आतून पाहिलं होतं. एप्रिल १९७४ मध्ये पोर्तुगालमधली हुकूमशाही कोसळली आणि पाठोपाठ वसाहती सुटल्या. गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्वही पोर्तुगालने त्यानंतरच मान्य केलं. तो सगळा हिशोब डोक्यात ठेवून फाउस्तोने पिंतोला हात घातला. म्हणून यात दर्याचं कौतुक भरपूर आहे, दर्यावर्दी पूर्वजांची आरती मात्र नाही.

राहिली लांबी. मधला भाग रेंगाळतो, हे मला मान्य. पण ताई, आपण झाडीपट्टीचं नाटक बघणारी माणसं. दिवाळीनंतर वडसा-गडचिरोलीकडे रात्री सुरू झालेला प्रयोग उजाडेपर्यंत चालतो, मध्ये लोक चहा पिऊन येतात, पोरं तिथेच निजतात, आणि कोणी म्हणत नाही की लांबलं. तशी बैठक घाल. एका तबकडीनंतर खुशाल ऊठ, जेव, मग दुसरी लाव. स्वयंपाक करताना मात्र लावू नकोस, आणि मोबाइलच्या स्पीकरवर तर मुळीच नको, त्यात बोंबो पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. मी उन्हाळाभर हा अल्बम बाजूला ठेवला होता, कूलरच्या घरघरीत तो ऐकणं म्हणजे त्याचा अपमान. पावसाने कूलर बंद केले तेव्हा बाहेर काढला.

फाउस्तो १ जुलै २०२४ ला लिस्बनमध्ये गेला. पोर्तुगीजांच्या अशा प्रवासांवर त्याने पुढे आणखी दोन अल्बम केले, १९९४ आणि २०११ मध्ये, म्हणजे एकाच विषयाला जवळपास तीस वर्षं दिली. तू त्याला एक संध्याकाळ दे. त्यानंतरही नाही आवडला तर तसं लिही, मी पुन्हा नाव काढणार नाही. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
भाऊ