शिवाजी पार्कवरचा कागदी ठेवा

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून बाहेर पडले की आपल्या माणसांची पावले शिवाजी पार्ककडे वळतात. तेथे पुस्तकांच्या स्टॉलशेजारी, जमिनीवर अंथरलेल्या कापडावर आणखीही माल असतो. भीमगीतांच्या पातळ पुस्तिका, बावीस प्रतिज्ञांचे तक्ते, नव्या वर्षाची कॅलेंडरे, तथागतांची व बाबासाहेबांची रंगीत चित्रे. सभा-मेळाव्यांची हँडबिले तर फुकटच हाती पडतात.

या कागदांचे आयुष्य थोडे. वर्ष सरले की कॅलेंडर उतरते, सभा झाली की हँडबिल रद्दीत जाते. पण बंधू-भगिनींनो, जरा निरखून पाहा. निळा कोट, हातात संविधान, उंचावलेले बोट. बाबासाहेबांचे हे रूप झोपडीपर्यंत पोचवले ते या स्वस्त चित्रांनी. १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, १४ ऑक्टोबर हे आपले सण भिंतीवर ठळक अक्षरात आणले ते या कॅलेंडरांनी.

गावी परतल्यावर घरातली जुनी पेटी उघडा. आजोबांच्या आणि नातवाच्या लग्नाची पत्रिका सापडली तर शेजारी-शेजारी ठेवा. कित्येक घरांत असे दिसेल की, वरचा गणपती जाऊन तेथे बुद्ध आणि बाबासाहेब आले, 'शुभविवाह' जाऊन 'मंगल परिणय' आला. १९५६ ची धम्मक्रांती उंबऱ्याच्या आत कशी शिरली, याचा याहून बोलका पुरावा कोणत्या सरकारी दप्तरात मिळणार?

बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' आणि १९२७ साली 'बहिष्कृत भारत' काढले. ते जुने अंक, पत्रे, भाषणांचे वृत्तांत कुणीतरी जपले, म्हणूनच वसंत मून यांना १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड संपादित करता आले. जपणारी माणसे नसती तर किती शब्द वाळवीच्या पोटात गेले असते!

आपला इतिहास दुसरे कोणी लिहील, या भरवशावर राहून चालणार नाही. जपायला खर्चही फारसा नाही. कागदाच्या मागे पेन्सिलीने साल आणि गाव लिहा. खाली छापखान्याचे नाव असेल तर ती ओळ कापू नका. फाटले तर चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. स्वच्छ सुती कापडात गुंडाळून ओलीपासून दूर ठेवा. आणि दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी गठ्ठा एकदा मुलांसमोर सोडा. त्यांना वाचू द्या.

जयभीम!