राजनांदगावच्या अलीकडे

भिलाईला निघालो होतो झोतभट्टीचा उजेड पाहायला, पण जीव अडकला राजनांदगावच्या अलीकडेच. नागपूर सुटल्यापासून बाहेर भाताची खाचरं आणि बांध. हिरवाईचं कौतुक मला फार वेळ पुरत नाही. डोंगरगड आलं की डब्यातले हात आपोआप जोडले जातात, कारण वर टेकडीवर बमलेश्वरी. आपण दर्शनाची माणसं. याच मार्गावरून १८९३च्या सुमारास कवी नारायण वामन टिळक राजनांदगावला चालले होते. त्यांना मात्र दर्शनबिर्शन काही घडलं नाही. एका गोऱ्या सहप्रवाशाने बोलता बोलता नवा करार हातात ठेवला, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं आणि तो गेला. पुस्तक वाचता वाचता टिळक मत्तयाच्या पाचव्या अध्यायाशी, डोंगरावरच्या प्रवचनाशी, येऊन थबकले. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

मत्तयाच्या शुभवर्तमानात आणखी एक डोंगर आहे, सतराव्या अध्यायातला. तिथे येशूचं रूप पालटतं, चेहरा सूर्यासारखा होतो, मोशे आणि एलीया दिसतात. सोबतच्या शिष्याला, पेत्राला, वाटतं, इथेच तीन मंडप घालावेत. त्याचं बोलणं पुरं होण्याआधीच ढग सगळं झाकतो आणि आवाज येतो तो याचं ऐका असा. पाहत राहा असं कोणी म्हणत नाही. मला यातून एवढंच दिसतं की तेज हे ऐकण्याकडे वळवण्यापुरतं असतं. मत्तयाने ऐकण्याचा डोंगर आधी ठेवला आहे, आणि टिळक तिथूनच आत शिरले. कोणी म्हणेल, हे दर्शनाला कमी लेखणं झालं. पण वारीचा हिशेब बघा: पायाखाली दोन-तीन आठवडे, कानात अभंग, आणि विठोबापुढे काही क्षण, कित्येक जण तर कळसाला हात जोडूनच परततात. नवविधा भक्तीतही पहिलं श्रवणच. तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो असं मानणाऱ्या टिळकांना हे शिकवायला कोणा मिशनऱ्याची गरज नव्हती.

दुसरा आक्षेप जास्त बोचतो. आतला आवाज ऐकणारा माणूस घरातल्यांना बहिरा होतो. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको: टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी काढलेली ताटातुटीची वर्षं कोणत्याही प्रवचनाने भरून निघत नाहीत. टिळकांची बाजू घ्यायला मी तयार नाही. ऐकणं ही आज्ञापालनाची कवायत नाही, हे मला त्यांच्यापेक्षा लक्ष्मीबाईंकडूनच अधिक पटतं. १९००मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो नवरा ख्रिस्ती झाला म्हणून मागोमाग नव्हे. जातीपातीचा प्रश्न स्वतः उलटसुलट करून, वेळ घेऊन.

राजनांदगाव, दुर्ग, मग भिलाई. खालचे रूळ बहुधा इथलेच; रेल्वेचे रूळ ही भिलाईची जुनी ओळख. रशियनांच्या मदतीने उभ्या राहिलेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. भट्टीच्या पोटात गरम हवा सोडणाऱ्या नळ्यांना रुपयाएवढा झरोका असतो. आत बघायचं तर निळ्या काचेतून, तेही क्षणभर. मग माणूस वळतो आणि कामाला लागतो. वितळलेल्या लोखंडापुढे मंडप घालून बसावं असं इथे कोणाला सुचत नाही. पेत्र, याकोब आणि योहान येशूबरोबर तो रूपपालटाचा डोंगर उतरले तेव्हा खाली गर्दी होती, झटके येणारा एक मुलगा होता, काकुळतीला आलेला बाप होता, आणि काहीच न जमल्याने खजील झालेले बाकीचे शिष्य. मार्क सांगतो, येशूने आधी त्या बापाला विचारलं, हे याला कधीपासून होतंय. बाप म्हणाला, लहानपणापासून.